वापरात नसलेले लोकरीचे कपडे पुढच्या हंगामापर्यंत कसे ठेवावेत?

लोकरीचे कपडे कपाटात ठेवण्यापूर्वी धुणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. कपड्यांना भोके पाडते ती कसर म्हणजे उडणारा पतंग नसून त्याची अळी असते. ती लोकर व रेशीम यांतील प्रथिनांवर जगते आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग राहिलेल्या जागी तिचे अधिक फावते. म्हणून एकदाच घातलेला स्वेटरही धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावा. किंचित ओल राहिली तरी बुरशी धरण्याची भीती असते. विणलेले कपडे हँगरवर टांगल्यास स्वतःच्या वजनाने ताणले जातात, त्यामुळे त्यांची सैल घडी घालून ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डांबरगोळ्या मी तरी आवर्जून टाळते, कारण नॅफ्थलीनची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि लहान मुलाने गोळी गिळल्यास विषबाधा होऊ शकते. कसर लागल्याची शंका आल्यास कपडा पिशवीत बंद करून, उणे १८ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवावा. त्याने अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात.