पंप ओळखीचा, पाणी तिथलं

प्रश्न : ताई, मी सिव्हिल इंजिनिअर आहे. एका मदत संस्थेतर्फे उत्तर युगांडात, दक्षिण सुदानहून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत पाणीपुरवठ्याचं काम मिळालंय. महिन्याभरात निघायचंय. मी माळकरी, त्यामुळे आईला एकच घोर लागलाय, पोरगा तिथं खाणार काय? तुम्ही तिकडं राहिलाय. रुळायचं कसं, तेवढं सांगा.
— एक वाचक, आटपाडी

उत्तर : आधी आईचा घोर मिटवू. मी मिरजेची नर्स, नोकरीची बरीच वर्षं युगांडात काढली, उपाशी कधी निजले नाही. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला पोशो आणि घेवड्याची उसळ कुठंही मिळते. उत्तरेकडं आंबट पाल्याची भाजी शेंगदाण्याचं वाटण लावून करतात, ती तर तू बोटं चाटून खाशील. चपातीला तिकडंही चपातीच म्हणतात. फक्त टपरीवर ‘रोलेक्स’ मागू नकोस, त्यात ऑम्लेट गुंडाळलेलं असतं. कांदा-लसूण मसाला ने, छोटा कुकर ने. पिठाची पोती नेऊ नकोस, विमानाला वजन भरून काय उपयोग?

पिवळ्या तापाची लस मात्र आजच बघ. निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. तो दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

आता कामाचं. तिथला हातपंप बघून तुला गावातलाच वाटेल, आणि खरंच तो आपल्याकडचा आहे. तुमच्या शेजारच्या सोलापूरच्या पंपावरून 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला. युगांडात त्याचाच भाऊबंद ‘यू टू’ नावानं चालतो. पण म्हणून पहिल्याच आठवड्यात साहेबासारखी दुरुस्ती सुचवायला जाऊ नकोस. तिथं बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी असतं, लोखंडी पाइप आतून खातं. सकाळी पहिल्या दांड्याला लालसर पाणी पडतं, धुतलेल्या कापडावर गंजाचे डाग पडतात, चहा काळा होतो. पंप धडधाकट दिसतो आणि बाया मात्र ओढ्यावर जातात. कागदावर तो पंप ‘चालू’. हे ऑफिसातल्या नकाशात सापडणार नाही. पंप समितीतल्या बाईला आणि दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला विचार. टँकरच्या रांगेत घागरी कशा लागतात आणि कोण कुणाला पुढं घुसू देत नाही, हे आटपाडीच्या माणसाला शिकवायला नको. तुझं खरं शिक्षण तेच.

आणि विचारायच्या आधी राम राम. तिथं रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, हे झाल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणाचं वाटतं. कुंपणाच्या आत राहून जीपच्या काचेतून हात हलवणारे मदतवाले मी पुष्कळ पाहिलेत. वर्षानंतरही त्यांना मिस्त्रीचं नाव माहीत नसतं.

मच्छरदाणीत झोप, मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही. सुट्टीला घरी आल्यावर तापलास तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, ‘मी युगांडाहून आलोय.’ नाहीतर टायफॉइड, डेंग्यू शोधण्यात दिवस जातात. हे आईलाही सांगून ठेव. आणि फोनचं असं, युगांडाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं. तिची रात्रीची आठची जेवणं, तेव्हा तुझे साडेपाच, साइटवरून परतायची वेळ. तेव्हाच लाव.