वाचकांचे प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क, नक्की किती तास?

प्रश्न : मुलगी जानेवारीत न्यूयॉर्कला निघाली आहे. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ 15 तारखेला रात्री 1.30 आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी 7 आहे. हे साडेपाच तास कसे? अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, ताशी 900 च्या वेगाने भागलं तर चौदा तास येतात. शिवाय परतीचा वेळ वेगळाच!
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथले सकाळचे 7 म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे 5.30. रात्री 1.30 पासून मोजा, बरोबर 16 तास भरतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा राहतो.

आता चौदाचे सोळा कसे होतात ते पाहू. साडेबारा हजार हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ही वाट मुंबईहून वायव्येला, बरीचशी उत्तरेकडे झुकून निघते आणि जवळपास 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली अरबस्तान-आफ्रिकेवरची सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे 1,700 किलोमीटरने लांब पडते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, लगेच पटेल.

पण विमानाला ती जवळची वाट जशीच्या तशी मिळत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा लांबचा वळसा पडल्याने उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं. असा वळसा धरून 13,300 किलोमीटर समजू. पश्चिमेकडे जाताना 9 ते 12 किलोमीटर उंचीवरचा जोरदार वारा समोरून येतो. हिवाळ्यात तो जास्तच असतो. त्यामुळे जमिनीच्या हिशेबात सरासरी वेग 860 च्या आसपास उतरतो. झाले साडेपंधरा तास. उरलेला अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात जातो, कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास वाचतो.

अंतर मैलांत दिसलं तर कोणता मैल ते आधी पाहा. साधा मैल 1.609 किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल 1.852 चा. त्यामुळे एकच अंतर एकीकडे 7,790 तर दुसरीकडे 6,770 दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. 15 ला रात्री 1.30 म्हणजे 14 ची रात्र उलटल्यावर. तीन तास आधी, रात्री 10.30 ला विमानतळावर पोहोचायचं तर नाशिकहून 14 ला दुपारी 4 च्या सुमारास निघा. इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंत लवकर पोहोचाल, पण पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी चुकत नाही. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटात घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की दिल्लीत सामान उतरवून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर ती जबाबदारी कंपनी घेत नाही.