मनाला लावून घेऊ नको, मनावर घे

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम. तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, तू रागात होतास आणि रागातल्या माणसाला काही सांगायला गेलं की तो अजूनच पेटतो. तीन रविवार झाले तू चर्चला गेला नाहीस, का तर चर्चमधल्या मावशी तुला बोलल्या.

जे झालं ते मला असं कळलं. त्या भाऊंच्या घरी प्रार्थनासभा होती, त्यांचं कापून ठेवलेलं सोयाबीन पावसात सडलेलं, आणि तू वचन सांगताना म्हणालास की विश्वास पक्का असता तर देवानं पीक राखलं असतं. सभा झाल्यावर मावशींनी तुला मागे चुलीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "बापू, तू त ईयोबाच्या दोस्तायसारखा बोलला." बस एवढंच ना? आणि तुला झोंबलं ते हे की मी बायबल ट्रेनिंग करून आलो अन् चौथी शिकलेली बाई मला शिकवते.

बायबलातला तो उपदेशक अपुल्लोस आठव. प्रेषितांची कृत्ये 18 काढून वाच. शास्त्रात पारंगत, बोलण्यात आवेश, पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा बाप्तिस्मा माहीत होता, पुढचं शिकायचं राहिलं होतं. इफिसात त्याचं बोलणं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोनं ऐकलं, तंबू शिवून पोट भरणारी माणसं ती, त्यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांसमोर नाही टोकलं, बाजूला नेऊन देवाचा मार्ग नीट समजावून सांगितला. आणि तो पुढे ग्रीसमधल्या अखयात गेला तर तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याची केवढी मदत झाली. मावशींनीही तेच केलं रे, चारचौघात नाही बोलल्या. मत्तय 18 मध्ये प्रभूनं सांगितलंय तसंच, दोघंच असताना. चारचौघात पाणउतारा करणारे वेगळे असतात, त्यांच्या बोलण्यातलं खरं तेवढं घे अन् बाकीचं सोडून दे.

मी पण असाच फसलोय. शेजारच्या वावरातले एक म्हातारे बाबा दरवर्षी सांगायचे, डिसेंबर सरला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाक, फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा कापूस घेण्याच्या, नादी लागू नको. मी ग्रॅज्युएट, त्यांना सही पण येत नव्हती, मी हसून सोडून दिलं, वरून पाणी दिलं आणि फरदडीचा दोन-चार क्विंटल कापूस काढला, फार हुशारी वाटली. मग 2017 ला बोंडअळी आली, अख्ख्या विदर्भात आली म्हणा, एकट्या माझ्याच वावरात नाही, पण माझ्याकडे आधी डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेली फुलं दिसली, मग हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कापसाची पिवळी कवडी, म्हणजे खराब डागाळलेला कापूस. पीक लांबवलं की अळीला खायला मिळत राहतं, तिचं चक्र तुटत नाही, हे मला नंतर कृषी सहायकानं सांगितलं. बाबा तेच सांगत होते, फक्त त्यांना चक्र हा शब्द माहीत नव्हता. मी त्यांच्याकडे माफी मागायला गेलो तर ते मला म्हणाले, चहा घे.

आता ईयोबाचं. बायबलातला तो नीतिमान माणूस, लेकरं-गुरं-आरोग्य सगळं गमावून बसलेला. त्याचे मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले, मला वाटतं त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडलं, तुझ्याच पापामुळं हे झालं म्हणाले, आणि बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, सात गोऱ्हे सात मेंढे घ्या आणि ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल. बघ, ज्याला दुखावलं त्याच्याच दारात पाठवलं.

तुला मावशींचा राग आला हे मी समजू शकतो, पण खरं सांगू, मला तुझी काळजी त्या रागाची नाही, त्या भाऊंची आठवण तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये एकदाही आली नाही याची आहे. त्यांच्या घरात त्या रात्री काय झालं असेल?

त्यांची दोन एकर पऱ्हाटी उभी आहे अजून, वेचायला मजूर मिळत नाहीत. शनिवारी ऊन चढायच्या आत जा, वही-बायबल घरीच ठेव, कमरेला कापड बांध आणि त्यांच्यासोबत वेचायला लाग. बोलायचं ते ओळीत वेचता वेचता बोल, आणि येताना त्यांनाच म्हण, भाऊ, माझ्यासाठी प्रार्थना करा.

रविवारी चर्चला भेटलास की मावशींना माझा सलाम सांग.

तुझा,
काका