डोमेन घालवलं त्यांनी, आणि भरपाई फक्त ८९९ रुपये?

प्रश्न: आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, मी आणि मिसेस दोघंच बघतो. वेबसाइटचं डॉट कॉम डोमेन एका होस्टिंगवाल्याकडून घेतलेलं. रिन्युअलचे पैसे मुदतीआधी भरले, बिल आहे, तरी त्यांनी रिन्यू केलंच नाही आणि आता नाव दुसऱ्याच कुणाकडे गेलंय. कंपनी म्हणते ८९९ रुपये परत घ्या, वर एक वर्ष होस्टिंग फ्री. एवढ्यावर गप्प बसायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नाही. पण दादा, आधी हूइजमध्ये (डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी ऑनलाइन नोंद) जाऊन नीट बघा की नाव गेलंय म्हणजे नक्की कुठं गेलंय. डॉट कॉम संपल्या संपल्या कुणालाही मिळत नाही, रजिस्ट्रार म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी ते ४५ दिवसांपर्यंत ठेवू शकतो, डिलीट केलं की पुढं ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे सोडवून घ्यायची मुदत, त्यात जुन्या मालकालाच परत मिळतं, आणि मग ५ दिवसांनी सुटतं. रिडेम्प्शनमध्ये असेल तर आजच सोडवून घ्यायला लावा, जादा फी त्यांनीच भरायची. आणि क्रिएशन डेट (नाव पहिल्यांदा नोंदल्याची तारीख) जुनीच पण मालक नवा असं दिसलं, तर नाव सुटलेलंच नाही, बहुतेक लिलावात विकलंय. मग सरळ लेखी विचारा, पैसे कुणाच्या खिशात गेले?

आता भरपाई. ‘बदनामी झाली, पाच लाख द्या’ असं मोघम मागितलं तर कुणी ऐकणार नाही. नव्या मालकाकडून नाव परत द्यायची किंमत लेखी मागवा, तोच तुमचा सगळ्यात भक्कम आकडा. मग वाया गेलेली पाकिटं-लेबलं, नवीन छपाईचं बिल, आणि वेबसाइटवरच्या ऑर्डरींचे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे बँक स्टेटमेंट. मेल त्याच डोमेनवर असेल तर बँक, जीएसटीचे लॉगिन आधी बदला, नाहीतर ओटीपी नव्या मालकाकडे जातील, हे भरपाईपेक्षाही अर्जंट.

कंपनी म्हणेल तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून सेवा घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही ग्राहकच, असं मांडता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, नाही जमलं तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात, कंपनी बंगळुरूची असो की कुठली. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असली की फी नाही, मुदत २ वर्षं. ‘आमची जबाबदारी भरलेल्या रकमेपुरतीच’ ही अट ते नक्की पुढं करतील, आणि ती कोर्टात टिकल्याची उदाहरणं आहेत हे लपवत नाही, म्हणून भर द्यायचा तो पैसे घेऊन कामच केलं नाही यावर. आयकॅनकडे (डोमेन नावांचा कारभार बघणारी जागतिक संस्था) तक्रार करा हवं तर, पण तिथून रुपया मिळत नाही.

फ्री होस्टिंगच्या मेलमध्ये ‘फुल अँड फायनल’ असेल तर ओके करू नका. ८९९ आपोआप खात्यात पडले तर लगेच रिप्लाय टाका, रिफंड मिळाला, बाकी क्लेम कायम.