एलोफिला निम्फिएटा शोधताना

एलोफिला निम्फिएटा हा एक पतंग आहे, त्याची अळी पाण्यावरच्या पानांवर वाढते. तो शोधायला सुरुवातीला रात्री दिव्यापाशी जागण्यापेक्षा दिवसाउजेडी तळ्याकाठी बसा, असं मी सांगेन. युरोपातल्या संथ पाण्यावर पॉटॅमोजेटन (एक पाणवनस्पती) किंवा वॉटरलिलीची तरंगती पानं नीट न्याहाळा. पानातून लंबगोल तुकडा कापून नेलेला दिसला, की अळी बहुधा जवळच असते. तो तुकडा ती रेशमाने पानाच्या खालच्या बाजूला चिकटवते आणि मधल्या फटीत राहते. मोठी झाली की पानाच्या तुकड्यांचं सुटं घर घेऊन फिरते. काय देखणी कारागिरी! घर उकलून बघायचा मोह मात्र टाळा, आतली हवा निघून जाते. पान हलकेच उलटा, फोटो काढा, तसंच परत ठेवा. अंडीही पानाखालीच असतात, म्हणून पानं तोडून नेऊ नका. पांढरे-तपकिरी पतंग संध्याकाळी काठच्या गवतात उडताना सापडतील.