भाड्याने द्यायला घर घेण्यात लोकांना म्हातारपणाची सोय का दिसते?

तुमचा प्रश्न असा, की चांगली नोकरी असलेली माणसं कर्ज काढून दुसरं घर घेतात, ते भाड्याने देतात, दुरुस्त्यांच्या मागे धावतात; त्यापेक्षा पैसे फंडात का ठेवत नाहीत? मी बरीच वर्षं घरमालक आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

मुळाशी असते पगार बंद होण्याची धास्ती. फंडातल्या पुंजीवर जगणाऱ्याला सतत एक हिशेब करावा लागतो: यातले किती काढले तर शेवटपर्यंत पुरतील? आपण किती जगणार हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे हाताशी पैसे असूनही कित्येक जण गरजेपुरतासुद्धा खर्च करत नाहीत. भाडं खर्चून टाकलं तरी घर शिल्लक राहतं, याचा केवढा दिलासा वाटतो हे पगार थांबल्याशिवाय कळत नाही. शिवाय महागाईबरोबर भाडंही बहुधा वाढतं. वर्षाला 6 टक्के महागाई धरली, तर ठरावीक रकमेच्या पेन्शनची किंमत 12 वर्षांत निम्मी होते.

दुसरं कारण कर्ज. शेअर घ्यायला बँक 20 वर्षांचं कर्ज देत बसत नाही, घराला देते. घराची किंमत 100 धरा. त्यात 25 तुमचे, 75 बँकेचे. किंमत 120 झाली तरी कर्ज वाढत नाही, म्हणजे तुमच्या 25 चे 45 झाले. वर हप्त्याचा बराचसा भाग भाड्यातून सुटतो. पण किंमत 80 वर आली तर त्याच 25 चे 5 उरतात. घर विकणारे ही दुसरी बाजू गाळतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात आयुष्यभराची बचत अडकलेली असते.

घराची निवड अगदीच भाबडी म्हणता येणार नाही. ऑस्कर जॉर्डा आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 16 प्रगत देशांची 1870 ते 2015 या काळातली आकडेवारी तपासून 2019 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. महागाई वजा जाता घरांचा परतावा सरासरी वर्षाला 7 टक्क्यांच्या आसपास, जवळपास शेअरइतकाच निघाला, आणि चढउतार शेअरपेक्षा कमी. त्यातला मोठा वाटा भाड्याचा होता. मात्र ही देशभरातल्या घरांची सरासरी आहे. तुमच्याकडे एकच घर असणार, एकाच रस्त्यावरचं.

एका घराचं गणित फार नाजूक असतं. ते वर्षात एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांहून जास्त गेले. गळती, रंगकाम, विमा, कर हे सगळं त्यानंतर. म्हणून वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू टिकवण्यासाठी भाडं बाजारभावापेक्षा थोडं कमी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्यासाठी ते राहतं घर असतं. नळ बिघडल्याचा फोन आला की त्याच दिवशी माणूस पाठवणं हे आपलं कामच आहे.

नियम बदलण्याचा धोकाही धरून चाला. ब्रिटनमध्ये 1988 च्या गृहनिर्माण कायद्याने नव्या भाडेकरारांवरचं भाडेनियंत्रण बरंच सैल झालं. 1996 पासून भाड्याने द्यायच्या घरांसाठी खास कर्जं मिळू लागली, आणि असंख्य नोकरदार घरमालक झाले. पुढे 2017 ते 2020 या काळात तिथल्या सरकारने व्यक्तिगत घरमालकांची कर्जव्याजावरची करसवलत टप्प्याटप्प्याने 20 टक्के दरापर्यंत आणली. मोठं कर्ज आणि चढा करदर असलेल्या काहींना त्यामुळे हातात फारसं काही उरत नसतानाही कर भरावा लागला.

तुम्ही स्वतः विचार करत असाल तर कर्ज पगार थांबण्याआधी फिटेल का, हे आधी पाहा. हप्ता चालू आहे तोवर भाडं मुख्यतः बँकेकडेच जातं. पन्नाशीत 20 वर्षांचं कर्ज काढून भाड्यावर निवृत्त व्हायचा बेत करणाऱ्याला मी नकोच म्हणेन. आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळे, लगेच काढता येतील असे ठेवा. अडचणीच्या वेळी घराची एकच खोली विकता येत नाही.