छातीचा फ्लॅप म्हणजे कमी दर्जाचं ऑपरेशन का?

"मॅडम, छातीचं मांस लावणार म्हणतात. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून का?" तोंडाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी नातेवाईक मला हे सारखं विचारतात. गाठ काढल्यावर पडलेली पोकळी शरीरातलीच कातडी, स्नायू, कधी हाड घेऊन भरतात. त्यालाच फ्लॅप म्हणतात.

एका काकांना गालाचा कर्करोग होता, बायपास आधीच झालेलं. बोलायचा तो मुलगाच. "मांडीचा फ्लॅप सगळ्यात चांगला, मी वाचलंय. कर्ज काढतो. बाबा खर्चाकडे बघून छातीला हो म्हणताहेत." काका खाली बघत बसायचे.

शेवटी मी माझी खुर्ची काकांसमोर ओढली. "काका, ऑपरेशन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

गालामुळे त्यांना शब्द नीट फुटत नव्हते. मुलगा मध्ये बोलायला गेला, मी हातानेच थांबवलं.

"बायपासनंतर जाग आली, तर तोंडात नळी. हात बांधलेले. आन् हा काचेपलीकडं रडत हुता. जास्त येळ झोपवू नका मला."

"म्हणजे पैशाचं नाही, बाबा?"

"पैशाचं असतं तर बोललो नसतो व्हय तुला?"

मुलगा ढसाढसा रडला. बापासाठी आपण कमी पडतोय, हे ओझं त्याने फ्लॅपच्या नावाखाली वागवलं होतं. मी नेहमी रुग्णालाच आधी बोलतं करते. नातेवाइकांचा प्रश्न आणि रुग्णाची भीती क्वचितच एक असते. नळी याही ऑपरेशनात काही काळ लागू शकते, हे मात्र काकांना तेव्हाच सांगितलं.

मग सर्जननी मुलाला समजावलं. मांडीचा किंवा मनगटाजवळचा फ्लॅप पूर्ण सुटा करून त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वेळ जास्त लागतो, पहिले दिवस तासातासाला तपासणी, गुठळी झाली तर पुन्हा थिएटर. छातीचा फ्लॅप १९७९ पासून वापरात आहे. त्याची रक्तवाहिनी कापत नाहीत, तो तिच्यासकट कातडीखालून वर फिरवतात. अशक्त हृदयाला हे सोसतं. मानेवर फुगवटा दिसतो, काही महिन्यांत बराच ओसरतो. पुरुषांच्या तोंडात छातीचे केस उगवू शकतात. हे आधीच सांगा, नंतर कळलं की माणूस हादरतो.

पण हनुवटीचं हाड जाणार असेल, तर माझं सांगणं वेगळं असतं. तिथे नुसतं मांस भरलं तर खालचा ओठ लोंबतो, लाळ गळत राहते. तब्येत साथ देत असेल तर पायाच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या फ्लॅपचा विचार जरूर करा. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते, आणि गुडघ्या-घोट्याजवळचा भाग सर्जन ठेवतात, म्हणून चालणं बंद पडत नाही.

डॉक्टरांना "सगळ्यात चांगला कोणता" असं विचारू नका. काय काढणार, गिळणं-बोलणं किती राहील, हृदय आणि रक्तवाहिन्या किती सोसतील, जखम वेळेत भरेल का, हे विचारा. रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावं लागतं, न भरलेली जखम ते लांबवते.

काकांना छातीचाच फ्लॅप लावला. शुद्धीवर येताना शेजारी मुलगा हवा, एवढं मी आयसीयूच्या सिस्टरांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.